चौघींची बेरीज

प्रिय मासोळी,

माझं अक्षर पाहून दचकली असशील. बावीस वर्षांत वाढदिवसाच्या दोन ओळींपलीकडे मी तुला काही लिहिलं नाही. आळशी तर मी आहेच, पण खरं कारण ते नव्हतं. मला तुझ्यासमोर यायची लाज वाटायची.

तिसरीच्या पोरांना गणित शिकवते, हे तुला ठाऊकच आहे. गेल्या आठवड्यात बेरजेचा ताळा करायला शिकवत होते. वरून खाली मिळवा, मग खालून वर. क्रम बदला, हव्या त्या जोड्या आधी करा, उत्तर तेच. सुचतील ते चार आकडे फळ्यावर लिहिले: अडतीस, तेहतीस, बत्तीस, छत्तीस. एकूण एकशे एकोणचाळीस. लिहून झाल्यावर ते आकडे ओळखले. आपल्या पोहण्याच्या रिले शर्यतीत चौघींना लागलेले सेकंद होते ते. पहिल्या बाकावरची एक चिमुरडी म्हणाली, बाई, पहिला आकडाच केवढा मोठा आहे!

आपण एका सेकंदाने हरलो. शेवटी तू होतीस आणि ती उंच मुलगी तुझ्या शेजारून पुढे गेली, ते सगळ्यांनी पाहिलं. मग काय, खापर तुझ्याच डोक्यावर फुटलं. हातची शर्यत घालवलीस म्हणून सरांनी तुला सगळ्यांसमोर झापलं, तू पोहणंच सोडलंस, आणि मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत बसले. काय ढोंगी होते गं मी!

तू रोजच्यासारखीच छत्तीस सेकंदांत आलीस. मला चौतीस लागायचे. त्या दिवशी गॉगलमध्ये पाणी शिरलं, मी घाबरून मध्येच थांबले. मधल्या दोघींनी जीव तोडून आघाडी मिळवली, म्हणून माझे चार सेकंद कुणाच्या लक्षात राहिले नाहीत. माझ्या मात्र होते.

काल तुझ्या आईचा फोन आला. तुझ्या लेकीला शाळेच्या रिले संघात शेवटी पोहायला निवडलंय आणि तू तिचं नाव काढून घेतेयस म्हणे. मी बुडवलं, तिच्यावर ती वेळ नको, असं म्हणालीस. ऐकून मला रडूच आलं. कर्णधार म्हणून मला दिलेला वेळांचा कागद मी लपवून ठेवला होता, तो सोबत पाठवतेय. मला माफ करू नकोस हवं तर. पण शुक्रवारी संघाची नावं पक्की व्हायच्या आत तो लेकीला दाखव आणि सांग, आईने काही बुडवलं नव्हतं, मावशीने बुडवलं.

तुझीच,
बेडकी