घंटेच्या शेपटीतला सुस्कारा

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. (मनोऱ्याच्या जिन्यापायी माझे गुडघे कामातून गेले आहेत, तेव्हा आठांपैकी सात अंगांचा नमस्कार गोड मानून घ्यावा.) तुझी कंबर कशी आहे? रागाची प्रकृती कशी आहे, तेही कळव. ताईकडे हवापालटाने तो उतरला असेल अशी आशा आहे. इकडे सर्व क्षेम, म्हणजे बाबा माझ्याशी बोलत नाहीत, बेकरीवाला माझ्याकडे बघत नाही आणि शाळेच्या मुख्याध्यापिका मात्र जरा जास्तच बघतात.

तू तणतणत गेलीस तेव्हा माझी बाजू ऐकून घेतली नाहीस, म्हणून ती आता लिहून पाठवते. मनोऱ्याच्या तुळया मी कुजवल्या नाहीत. त्या आपल्या आपण कुजल्या, इंजिनियरसाहेबांनी घंटा वाजवायला बंदी घातली आणि डिजिटल घंटा बसवायचं काम नेमकं माझ्या कंपनीकडे आलं. तू मला घरभेदी म्हणालीस. अगं, पण बंदी येण्याआधी त्या घंटांचे आवाज आपण दोघींनी मिळूनच टिपले ना? प्रत्येक घंटेवर तू आधी हलका, मग मध्यम आणि मग जोराचा टोल दिलास (जोराचा म्हणजे ज्याने माझा एक मायक्रोफोन कायमचा बहिरा झाला), आणि मी प्रत्येक टोल पार विरेपर्यंत श्वास धरून बसले. लोकांना वाटतं यंत्र घंटेची नक्कल करतं. नक्कल कसली, कळ जितक्या जोरात दाबावी तितक्या जोराचा तुझाच टोल ते हुडकून कर्ण्यांतून बाहेर सोडतं. घंटेच्या आवाजाला लांबलचक शेपूट असते. एकीची शेपूट सरायच्या आत दुसरी बोलू लागते आणि दोघी हवेत मिसळतात. ती शेपूट कुठे आखडती घेतली की घंटा न वाटता ताट पडल्यासारखं वाटतं, म्हणून मी ती पूर्ण ठेवली आहे. इतकं करूनही घरभेदी मीच.

आता पहिल्या दिवसाची हकीकत ऐक. यंत्राने बाराचे टोल बाराच्या ठोक्याला दिले. यंत्रच ते, त्याला दुसरं काय येणार? पण तू इतकी वर्षं बाराचे टोल बाराला कधी दिलेस? आधी जिना, मग पहारेकऱ्याशी त्याच्या सुनेविषयी चर्चा, मग मधल्या खिडकीत टेकणं, असं करत तू वर पोचायचीस आणि मग गावात बारा वाजायचे. सगळं गाव त्या उशिराच्या अंगवळणी पडलेलं. त्यामुळे पहिल्याच दिवशी बेकरीवाल्याने टोल ऐकून भट्टीतून पाव ओढले ते पांढरेफटक, शाळा गणिताचा पेपर चालू असताना सुटली आणि बसचा ड्रायव्हर चहा टाकून, शिवाय उतारूही टाकून, निघून गेला. बाबांची कथा तर आणखी वेगळी. त्यांचं मनगटी घड्याळ जन्मभर तुझ्या टोलांवर लावलेलं. आपण उभी नोकरी उशिरा पोचत होतो हा शोध त्यांना निवृत्तीनंतर लागला, आणि तोही मुलीमुळे. तेव्हापासून ते माझ्याशी 'हं' एवढंच बोलतात.

मी यंत्राला उशीर करायला शिकवलं. तर तक्रार आली की रोज सारखाच उशीर होतो, बाईंचा रोज वेगळा असे. मग पहारेकऱ्याशी तुझं भांडण झाल्याचे दिवस, पाऊस, तुझी कंबर असा सगळा हिशेब आत घातला. (तुझी लहर गणितात बसवताना माझ्या तोंडाला फेस आला.) तरीही शेजारीणबाई म्हणाल्या, घंटा खरीच आहे गं, पण पोरकी वाटते.

रात्रभर डोकं खाजवल्यावर उलगडा झाला. आवाज टिपल्यावर मी ते धुऊन काढले होते. पारव्यांची घूं घूं गेली, वारा गेला, आणि मोठ्या घंटेवर टोल देऊन झाला की शेपटीच्या टोकाशी तू 'हुश्श बाई' म्हणून सुस्कारा टाकायचीस, तोही गेला. मी तो परत जागच्या जागी बसवला. आता रोज दुपारी चारी कर्ण्यांतून गावावर टोल पडतो आणि मागोमाग 'हुश्श बाई' पडतं, असं बारा वेळा. काम तपासायला आलेल्या मनोरा समितीच्या अध्यक्षांनी विचारलं, या बाई कोण? मी सांगितलं, हा काशाचा गुणधर्म आहे. त्यांनी मान डोलावली आणि सही केली. बेकरीवाला हल्ली शेवटच्या सुस्काऱ्यावर पाव काढतो आणि ते छान खरपूस निघतात.

ताईला नमस्कार, तिच्या चिरंजीवांना एक पापा आणि एक धपाटा.

तुझी भाची

ता. क. मुख्य काम लिहायचं राहिलंच. मोठ्या घंटेच्या जोराच्या टोलाचं रेकॉर्डिंग खराब झालं आहे. टेकू लावल्यावर थोडे टोल द्यायला इंजिनियरसाहेब तयार आहेत. तसा हात दुसऱ्या कुणाचा नाही, तरी लगेच निघावं.

आणखी ता. क. वरचं खोटं आहे. रेकॉर्डिंग उत्तम आहे आणि इंजिनियरसाहेब कशालाच तयार नाहीत. पण तू नुसत्या 'ये' वर येणारी नाहीस. घर खायला उठतं गं. बाबा दोन कप चहा करतात आणि मग दुसऱ्याकडे बघत बसतात.

शेवटचा ता. क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात शेजारीणबाई आल्या होत्या. तू रोज दुपारी त्यांना फोन लावून खिडकीबाहेर धरायला सांगतेस आणि टोल संपले की एक शब्द न बोलता ठेवून देतेस, हे त्यांनी कुणाला सांगणार नाही अशी तुझी शपथ घेतल्याचं सांगून मला सांगितलं. आत्या, फोनमधून मोठ्या घंटेचा खालचा सूर येतच नाही. तू ऐकतेस ते जेमतेम निम्मं आहे, आणि निम्म्यावर रागावणं तुला शोभत नाही. घरी ये, सगळं ऐक आणि मग पोटभर रागव.