खद

प्रिय दादा,

तू नेहमी विचारतोस ना, शब्दकोशाच्या कचेरीत बसून मी दिवसभर करते तरी काय? यंदा माझ्या वाट्याला सूपसाठीचा एक शब्द आलाय. इंग्रजीत तो ब्रॉथ, जुन्या जर्मनमध्ये ब्रोद. या भाषांची आई आदि-जर्मानिक, आणि तिच्यात लिहिलेलं जवळजवळ काहीच उरलेलं नाही. मग लेकींकडे जे आहे ते शेजारी-शेजारी मांडायचं आणि आईचा शब्द ताडायचा: ब्रुथं. मुळात अर्थ उकळण्याचा. वर चांदणी काढायची, म्हणजे हा कुठे लिहिलेला सापडला नाही, आमचा अंदाज आहे. वहिनी हसेल वाचून, याचा पगार देतात म्हणून!

बाबांचं सांगते. अर्धांगाचा झटका आल्यापासून ते एकच बोलतात, "खद." आईला वाटलं, खायला मागतात, पण चमचा पुढे केला की मान फिरवतात. सांभाळायला येणाऱ्या मावशींना वाटलं, खाट; त्यांनी बिचाऱ्यांना कितीदा तरी उचलून झोपवलं. डॉक्टर म्हणाले, नुसता आवाज आहे, अर्थ शोधू नका. आता अर्थ शोधण्यावर तर माझं पोट! मी सुट्टी टाकली आणि बाबांच्या खुर्चीशेजारी बसून राहिले. ते कधी बोलतात आणि कधी गप्प असतात, एवढंच बघत.

मंगळवारी आईने सूप चढवलं आणि दार वाजलं म्हणून गेली. भांडं रटारटा उकळायला लागलं, तशी बाबांनी चांगला हात उगारला. "खद! खद!" मला एकदम हॉटेलच्या स्वयंपाकघरातले बाबा आठवले, पांढऱ्या टोपीतले, हाताखालच्यांवर खेकसणारे: "खदखदू देऊ नका रे, सूप गढूळ होईल!" मी गॅस बारीक केला. ते शांत झाले. खात्री करायला पुन्हा मोठा केला, तर असे डोळे वटारले की मी नोकरदार बाई लहानपणीसारखी दचकले. बारीक केला तेव्हा तोंडाच्या एका बाजूने हसले. आई दारातच रडत उभी होती.

दादा, शनिवारी त्यांना आजाऱ्यांना सांभाळणाऱ्या त्या संस्थेत हलवायचं तू ठरवलंयस. "त्यांना कुठे काय कळतंय," असं म्हणताना तुलाही जड जात होतं, ते मला ऐकू आलं. म्हणून तुझ्यावर राग नाही. पण त्यांना कळतंय रे. गाडी सांगू नकोस. तू स्वतः ये, त्यांच्यासमोर बस आणि त्यांना काय हवंय ते त्यांनाच विचार. उत्तर देतील ते. आपल्याला समजायला जरा वेळ लागेल, एवढंच.

तुझीच,
धाकटी