बुधवारची गाडी

मंगळवार, ता. ९

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे मी मजेत. घरात बोलायला फ्रीज आहे, तोही मधूनमधून गप्प बसतो. तुझा खांदा आता कसा आहे?

एकाच शहरात राहून पत्र कसलं लिहितोस, म्हणशील. फोनवर तू मधेच बोलतेस आणि तू बोललीस की मी घाबरून काहीतरी ठोकून देतो. कागद तेवढा शेवटपर्यंत ऐकून घेतो. हे पत्र उद्या आमच्या ऑफिसच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींच्या हाती पाठवतोय.

आधी ऑफिसची बातमी. मुख्य कार्यालयातून एक मॅडम तपासणीला आल्या होत्या. दिव्यांग ग्राहकांना भाड्यानं गाडी देण्याबद्दलचं आमचं धोरण तुला ठाऊकच आहे. अकरा पानं, सगळी माझ्या हातची. पहिलं पान फ्रेम करून दाराशी लावलंय, अशा उंचीवर की व्हीलचेअरमधल्या माणसाला त्यात फक्त ट्यूबलाइट दिसावी. मॅडमनी विचारलं, "या वर्षी तक्रारी किती?" म्हटलं, "एकही नाही." त्या खूश झाल्या. ग्राहक किती, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही आपणहून सांगायला गेलो नाही. मला प्रशस्तिपत्रक मिळणार आहे.

त्यातलं कलम सात तू वाचलं होतंस. 'ग्राहकासोबत एक सक्षम व्यक्ती असावी.' तेव्हा मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाली होतीस, "आणि ती तू का?" काउंटरवरची मुलगी अजून हसते.

शाळेनं नोकरीसाठी तुला पुन्हा भेटायला बोलावलं, फार बरं झालं. परवा फोनवर तू विचारलंस, "बुधवारी तरी गाडी मिळेल का रे?" मी म्हटलं, "बघतो." माझं बघणं कसं असतं, तेच लिहायला बसलोय.

मागच्या महिन्यातल्या भेटीसाठी गाडी हवी, हे तू ऑफिसात येऊन नियमापेक्षा दोन दिवस आधीच सांगितलं होतंस. हातांनी गाडी चालवायचा संच बिघडलाय, असं मी म्हटलं. तू म्हणालीस, "कमाल आहे, कुणी वापरला नाही तरी बिघडला?" मी हसण्यावारी नेलं आणि मोठ्या मनाच्या भावासारखा स्वतः गाडी घेऊन आलो.

शाळेतून बाहेर आलीस तेव्हा मी विचारलं, "काय म्हणाले?"

"विचारलं, चाळीस किलोमीटर रोज येणार कशा? म्हटलं, स्वतः गाडी चालवत."

"मग?"

"मग बाई खिडकीतून बाहेर बघायला लागल्या. तू गाडीची काच पुसत होतास."

त्यानंतर घरापर्यंत मी रेडिओ मोठ्यानं लावून ठेवला.

संच बिघडला नव्हता, ताई. माझ्या खुर्चीमागच्या कपाटात होता, खोक्यावरची चिकटपट्टीसुद्धा न काढलेला. तो बसवायची गाडीही आवारात उभी होती.

मी स्वतःची समजूत घातली की हे काळजीपोटी. काळजी हा फार सोयीचा शब्द आहे, त्याखाली काहीही झाकता येतं. कसली काळजी? हातांनी गाडी चालवायचा परवाना काढून तुला आठ महिने झाले. तू पहिल्या झटक्यात पास झालीस. मला दोन्ही पाय असून तीन खेपा लागल्या होत्या.

खरं कारण गुरुवार. व्यायामाच्या दवाखान्यात तुला नेताना चाळीस मिनिटं आणि आणताना चाळीस मिनिटं तू माझा उद्धार करतेस. माझा शर्ट, माझं जेवण, माझं वळण घेणं. बाकी आठवडाभर माझ्याशी इतकं कुणी बोलत नाही. तू स्वतः गाडी चालवायला लागलीस की माझी ही गंमत गेली. तेवढ्यासाठी मी तुझी नोकरी अडवली. लिहिल्यावर हे जितकं हलकट दिसतंय, तितकंच ते आहे.

काल मी खोकं फोडलं. मिस्त्रींनी दीड तासात संच बसवला. "साहेब, ताई आल्या होत्या तेव्हाच सांगायचं ना! मी रिकामाच बसलो होतो."

"विसरलो," मी म्हटलं.

"बहिणीला?" ते म्हणाले आणि पाना पुसत बसले.

मग मी स्वतः चालवून पाहिली. लीव्हर ढकलला की ब्रेक, ओढला की वेग. पहिल्याच फेरीत मी एक कुंडी आडवी केली. मिस्त्री म्हणाले, "ताई चालवणार असतील तर बाकीच्या हलवत नाही."

कलम सात काढून टाकावं, असं मुख्य कार्यालयाला लिहिलंय. शाळेच्या बाईंनाही पत्र लिहावंसं वाटलं, पण मग पुन्हा तुझ्या वतीनं बोलणारा मीच. ते तू बघ.

बुधवार, ता. १७, सकाळी सात. गाडी तुझ्या नावावर आहे आणि किल्ली मिस्त्रींकडे. मी त्या दिवशी रजा टाकलीय. तिथे असलो तर 'सोबत येऊ का' असं तोंडातून निघून जाईल.

रागव. हवं तेवढं रागव. फक्त त्या भरात गाडी नाकारू नकोस. ती माझी मेहेरबानी नाही. मागच्या महिन्यातही ती तुझ्या हक्काची होती.

परवा नेहमीच्या वेळी न्यायला येईन. बोलावंसं वाटलं नाही तर बोलू नकोस. मी रेडिओ लावणार नाही.

तुझ्याशी खोटं बोललेला,
तरी तुझाच,
धाकटा