पायरीवरच्या बाई

ताईस नमस्कार, भाचीच्या दोन्ही वेण्यांना एकेक टपली.

मी मजेत आहे. बँकेने आम्हा वॉचमनना नवे बूट दिलेत. पायरीवर सध्या खातेदार बसतात, पण अगदी शांतपणे. "आम्हाला न विचारता खात्यातून विम्याचे पैसे का कापले?" एवढंच विचारतात. साहेब बाहेरच येत नाहीत.

तू गुडघ्याला पट्टा बांधतेस ना? पायरीवर बसणाऱ्यांतल्या एका म्हाताऱ्या बाईंचा गुडघा अगदी तुझ्यासारखा. रोज संध्याकाळी उठताना माझाच हात धरतात. म्हणतात, "आमचं भांडण तुझ्याशी नाही रे."

उद्या सगळ्यांना धरून उठवायचं, असा साहेबांचा हुकूम आहे. नाही म्हणालो तर बूट परत द्यावे लागतील. आईला यातलं काही बोलू नकोस.

मी जवळ गेलो की त्या बाई सवयीने हात पुढे करतील गं.

तुझा,
धाकटा