न पाहिलेल्या सात मिनिटांबद्दल

मी, अँब्रोज जेरोम टिअर्नी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा पूर्वी कोरोनेट थिएटरचा मॅनेजर, आता काही नाही, राहणार लोवेल, राज्य मॅसॅच्युसेट्स, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांच्या मते हृदय तेवढे शाबूत नाही, म्हणून ही घाई. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट वकील पार्मली यांनी कलम पाच गाळण्याबद्दल दोनदा विनवले आणि मी दोनदा नाही म्हटले. १९२९ साली केलेले मृत्युपत्र याद्वारे रद्द समजावे. त्यात मी स्वतःचे वर्णन ‘आयुष्यभर सचोटीने वागलेला’ असे केले होते.

कलम १. माझे दफन माझ्या आईवडिलांशेजारी करावे. प्रार्थना चाळीस मिनिटांच्या वर जाऊ नये. फादर मलानी माणूस चांगला, पण त्यांना शेवट कुठे करावा ते कळत नाही. गाणे एकच असावे आणि ते माझा भाचा डेस्मंड याने म्हणू नये.

कलम २. राहते घर, मागची बाग आणि त्यातले नासपतीचे झाड माझी बहीण होनोरा हिच्याकडे तिच्या हयातीपर्यंत राहील. बँकेत जे काही आहे तेही तिचेच. तिने चाळीस वर्षे माझे घर सांभाळले आणि चाळीस वर्षे माझी शेरेबाजी ऐकली. एकदा मी म्हटले, सूप चांगले आहे पण सुरुवात थंड आहे. तिने ताट उचलून नेले आणि म्हणाली, “अँब्रोज, हे स्वयंपाकघर आहे, तुझं थिएटर नाही. पुढचा खेळ गुरुवारी.” खरोखर गुरुवारपर्यंत मी बाहेर जेवलो. होनोराच्या पश्चात हे घर फ्लेचर स्ट्रीटवर राहणाऱ्या मिस थेक्ला ओबर्ग यांना मिळावे. ‘ही कोण?’ असे होनोरा विचारील. उत्तर कलम पाचमध्ये आहे. तिने ते बसून वाचावे.

कलम ३. माझे सेकंदकाट्याचे घड्याळ कोरोनेटचा ड्रमवाला ओट्टो झेटलर याला द्यावे. ते पुढे पळते असे तो बावीस वर्षे म्हणत आला. आता घरी नेऊन खात्री करून घ्यावी.

या घड्याळाचे काम काय होते ते सांगतो, म्हणजे पुढचे समजेल. आमच्याकडे दर सोमवारी नवे कलावंत येत: डोंबारी, गवई, नकलाकार, कुत्रेवाले, एकूण आठ खेळ. सोमवारचा दुपारचा प्रयोग मी शेवटच्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर बसून पाहायचा. प्रत्येकाला किती मिनिटे लागली, हशा किती, टाळ्या किती, हे टिपायचे आणि प्रत्येकावर चार ओळींचा अहवाल लिहून संध्याकाळच्या गाडीने न्यूयॉर्कच्या मुख्य कचेरीला पाठवायचा. त्या चार ओळींवर कलावंताचे पुढचे वर्ष ठरे. चांगले लिहिले तर तीस गावांच्या तारखा. वाईट लिहिले तर गुरुवारपर्यंत तार येई आणि माणूस पेटी भरायला लागे. मी कोणाची भीड ठेवली नाही. सख्ख्या मेहुण्याच्या जादूच्या खेळावर ‘कबुतरे बरी’ एवढेच लिहिले. डेस्मंडचे वडील ते, माझ्या दुसऱ्या बहिणीचे यजमान. घरात त्यावरून सहा वर्षे अबोला होता, पण शेरा बदलला नाही, कारण शेरा खरा होता. न पाहिलेल्या खेळावर टिअर्नी अक्षर लिहीत नाही, असे सगळे म्हणत. मीही म्हणत असे, जरा जास्तच.

कलम ४. ती शेवटच्या रांगेतली खुर्ची, जी मी थिएटरचे सिनेमागृह झाले तेव्हा उखडून घरी आणली, ती डेस्मंडला. तो कुठल्याही कार्यक्रमातून मध्येच उठून जातो, आपल्या लग्नाच्या जेवणातूनही गेला होता. या खुर्चीवर बसून त्याने कोणाचे तरी एकदा शेवटपर्यंत ऐकावे.

कलम ५. पार्मली म्हणाले, “टिअर्नी, हे मृत्युपत्र आहे. कबुलीजबाब द्यायचा तर पाद्र्याकडे जा.”

मी म्हटले, “जाऊन आलो. त्यांनी माफ केलं. पण त्या खेळाला तेही नव्हते.”

सोमवार, १३ नोव्हेंबर १९११. दुसऱ्या क्रमांकावर मिस थेक्ला ओबर्ग, वूस्टरची स्वीडिश मुलगी, वय बावीस. खेळ: हाताने कागद फाडून आकृत्या करणे. मी खुर्चीवर बसलो होतो, घड्याळ हातात होते. इतक्यात तिसऱ्या क्रमांकाच्या काकाकुवावाल्याने मागच्या दाराशी आरडाओरडा सुरू केला. “माझ्या पक्ष्यांना वारा लागतोय! खोली बदला, नाहीतर मी निघालो!” मी उठून गेलो. त्याची समजूत घातली, खोली बदलून दिली. परत दाराशी आलो तेव्हा मुलगी वाकून नमस्कार करत होती आणि अंधारात पाठमोऱ्या बसलेल्या आठशे माणसांत एक टाळी नव्हती.

मधल्या वेळात ओट्टोला विचारले, “दोन नंबरला टाळ्या किती?”

“एकही नाही,” तो म्हणाला.

“वेळ?”

“सात मिनिटं.”

मी लिहिले: ‘कागदफाडीचा खेळ. सात मिनिटे. प्रेक्षक थंड, टाळी नाही. चांगल्या थिएटरांच्या कामाचा नाही.’ आणि पाठवून दिले. बाकी सात खेळ मी पाहिले होते. आठव्याने काय बिघडते, असे मला वाटले.

बुधवारी दुपारी मी तो खेळ पाहिला. तिच्याकडे कात्री नव्हती. वर्तमानपत्राच्या कागदाची मोठी घडी ती बोटांनी फाडत गेली, मग तिने एक टोक पहिल्या रांगेतल्या बाईच्या हातात दिले आणि सांगितले, “मागे द्या, पण सोडू नका.” घडी उलगडू लागली. एकमेकींचे हात धरलेल्या कागदाच्या मुली रांगेमागून रांग मागे येत राहिल्या, जिन्यावरून वर सज्जात गेल्या. गिरणीत रात्रपाळीला दहा तास राबून आलेली माणसे श्वास रोखून एकेक मुलगी दोन्ही हातांत धरून बसली होती, उकळत्या चहाचा पेला धरावा तशी. एक माझ्याही हातात आली. तिला परकर होता, वेणी होती. रंगमंचावर मिस ओबर्ग वाकली, पडदा पडला, आणि मी टाळी वाजवली नाही. वाजवता येत नव्हती. हात मोकळे नव्हते.

मी धावत ओट्टोला गाठले. “हे मला सोमवारी का सांगितलं नाहीस?”

“तू विचारलंस टाळ्या किती,” तो म्हणाला. “हातांत काय होतं ते कुठं विचारलंस?”

दुसरा अहवाल पाठवायला माझ्याजवळ पूर्ण संध्याकाळ होती. पण दुसरा अहवाल म्हणजे पहिला खोटा होता याची लेखी कबुली, आणि त्या महिन्यात बॉस्टनच्या मोठ्या थिएटरसाठी माझे नाव चर्चेत होते. मी पाठवला नाही. गुरुवारी तिच्या सगळ्या तारखा रद्द झाल्याची तार आली. बॉस्टनची जागा दुसऱ्यालाच मिळाली, हे केवळ माहितीसाठी.

शनिवारी ती टोपी घालून, पिशवी घेऊन माझ्या कचेरीत आली. रडली नाही, भांडली नाही.

“मिस्टर टिअर्नी, एकच विचारायचंय. सोमवारी तुम्ही स्वतः पाहिलंत ना?”

“पाहिलं, बाई.”

“पहिल्यापासून?”

“पहिल्यापासून. सात मिनिटं.”

“मग ठीक आहे,” ती म्हणाली. “सगळे सांगतात, तुम्ही पाहिल्याशिवाय लिहीत नाही. पाहून नाही आवडलं, तर माझं काही म्हणणं नाही.”

ती याच गावात राहिली. जॅक्सन स्ट्रीटवरच्या खोक्यांच्या कारखान्यात सव्वीस वर्षे पुठ्ठा कापते आहे. कोणी म्हटले, ते कागदाचे काहीतरी करून दाखव, तर म्हणते, “नको. ज्याला त्यातलं कळतं, त्यानं पाहून सांगितलंय.” हे मी तिच्या घरमालकिणीकडून ऐकले आणि त्या रात्री जेवलो नाही. रस्त्यात भेटली की ती आजही मान लववते. मी टोपी उचलतो. तिच्या दारापर्यंत मी तीनदा गेलो आणि तीनदा परत फिरलो. मी भित्रा आहे, हे यापेक्षा सौम्य शब्दांत लिहिता येत नाही.

म्हणून मी येथे शपथेवर लिहितो: मिस ओबर्ग, त्या सोमवारी मी तुमचा खेळ पाहिला नव्हता. मी काकाकुव्यांपाशी होतो. तुमच्यात काही खोट नव्हती. तुमचे आयुष्य मी चार ओळींत अडवले आणि मग तोंडावर खोटे बोललो. घर हे त्याची भरपाई नाही. माझ्याकडे देण्यासारखे जे आहे, ते एवढेच आहे. दफनानंतर तीन दिवसांच्या आत पार्मली यांनी स्वतः जाऊन हे कलम मिस ओबर्ग यांना मोठ्याने वाचून दाखवावे. टपालाने पाठवू नये. डेस्मंडने यावर दावा लावल्यास त्याची खुर्चीही काढून घ्यावी.

कलम ६. अहवालांच्या नकलांची वही मिस ओबर्ग यांना द्यावी. १३ नोव्हेंबरच्या पानावर मी आज दुरुस्ती केली आहे: ‘कागदाच्या मुली. सात मिनिटे. बावीस वर्षांत यापेक्षा चांगले काही पाहिले नाही. टाळ्या नाहीत, कारण प्रेक्षकांचे हात भरलेले होते.’ त्याच पानात बुधवारची ती कागदाची मुलगी आहे. ती माझी मालमत्ता नाही. सज्जातले लोक आपापल्या मुली घरी घेऊन गेले, तशी मीही नेली, पण त्यांच्यापैकी कोणी मिस ओबर्ग यांच्याविरुद्ध लिहिले नव्हते. ती परत करावी.

वहीचे शेवटचे पान कोरे आहे. वर मी माझे नाव आणि ‘एकाहत्तर वर्षे’ एवढेच लिहिले आहे. खाली चार ओळींची जागा आहे. ती मिस ओबर्ग यांनी भरावी. त्यांनी मला नीट पाहिलेले नाही, पण त्याबद्दल तक्रार करण्याचा हक्क मला नाही.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र लोवेल येथे, वकील पार्मली यांच्या कचेरीत, सोमवार, ४ एप्रिल १९३८ रोजी, दुपारी सही करून पुरे केले.

(सही) अँब्रोज जेरोम टिअर्नी

आम्ही खाली सही करणारे साक्षीदार असे लिहून देतो की, मिस्टर टिअर्नी यांनी वरील सही आमच्या देखत केली. सही करण्याआधी त्यांनी दार लावून घेतले, आम्हा दोघांना समोर बसवले आणि पूर्ण होईपर्यंत उठू दिले नाही. आम्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले.

(सही) एल्मर व्हिटकोंब, औषधविक्रेता
(सही) एडना प्रूटी, टंकलेखिका