कप्तान तिमिरचा चष्मा

मी, नरसिंग गोविंदराव कहाळेकर, वय शहात्तर, निवृत्त मराठी प्राध्यापक, राहणार नांदेड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कुणी सांगितले नाही, कुणी धाक घातला नाही. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. समज शाबूत आहे की नाही, हे दाखल्यात लिहिलेले नाही. मीही लिहीत नाही.

१. यापूर्वी केलेले माझे मृत्युपत्र या लेखाने रद्द समजावे. त्यात मी घराच्या पुढच्या दोन खोल्या आमच्या वाचक मंडळाला ‘कप्तान तिमिर दालना’साठी दिल्या होत्या. दालनात माझा फोटो लावायचा होता. पत्नी चांगुणा हिने मागच्या खोलीत राहावे, असे त्यात लिहिले होते. तिला विचारले नव्हते. वकील आले तेव्हा चहा तिनेच आणून दिला होता.

२. नांदेडचे राहते घर, पुढचे, मागचे, गच्चीसह, चांगुणाचे. बँकेतील ठेवीही तिच्या. मुलगी पुनम लातूरला स्वतःच्या घरात सुखी आहे. तिची याला हरकत नाही. फोनवर ती एवढेच म्हणाली, “बाबा, हे आधीच करायचं की हो.”

३. हे मृत्युपत्र बदलण्याचे कारण नोंदवतो, कारण मंडळातले लोक विचारतील आणि तेव्हा उत्तर चांगुणाला द्यावे लागेल. तिने माझ्या वतीने आणखी काही निभावून नेऊ नये.

माझे मित्र कै. हणमंतराव इस्लापूरकर तरुणपणी छापखान्यात मुद्रिते तपासत आणि आमच्या मागच्या खोलीत राहत. तिथेच त्यांनी ‘तिसऱ्या चंद्रावरचा मुक्काम’ ही कादंबरी लिहिली. तिचा नायक कप्तान तिमिर. यान संकटात असते तेव्हा तो दाराच्या चौकटीला हात लावून उभा राहतो आणि शेवटचा माणूस आत आल्याखेरीज दार लावत नाही. आपल्या वाट्यातला अर्धा घास उशिरा येणाऱ्यासाठी झाकून ठेवतो. कमी बोलतो. त्याच्या चष्म्याची काडी मोडलेली आहे. ती त्याने काळ्या दोऱ्याने बांधली आहे.

माझ्या चष्म्याची काडी त्या काळी काळ्या दोऱ्याने बांधलेली होती.

एवढ्या पुराव्यावर कप्तान म्हणजे मी, असे मी ठरवले. हणमंतरावांना कधी विचारले नाही. विचारणे मला हलके वाटले असते. वर्गात मात्र सुचवत राहिलो. विद्यार्थ्यांनी ओळखले की लाजल्यासारखे करत असे.

४. आमच्या मंडळात दर दिवाळीनंतर अद्भुत आणि विज्ञान कादंबऱ्यांतले आवडते पात्र निवडण्याची बैठक होते. नाव सांगायचे नाही, त्या पात्राजवळ असेल अशी एक वस्तू आणायची, बाकीच्यांनी ओळखायचे. कुणी तांब्याचे कडे आणतो, कुणी बंद पडलेले होकायंत्र. मी दरवर्षी माझा तो जुना चष्मा नेत असे. टाळ्या पडत.

उदगीरचे प्रा. शरणप्पा हत्ते एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, “सर, कप्तान अख्ख्या पुस्तकात चार वाक्यं बोलतो. तुम्ही तेवढी चपला काढताना बोलता.” त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलणे सोडले. ते बरोबर होते. या मृत्युपत्रावर साक्षीदार तेच आहेत आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये, असे वकील सांगतात, म्हणून त्यांना काही देत नाही. ते बरोबर होते, एवढे लिहून ठेवतो.

५. यंदाच्या बैठकीला हणमंतरावांच्या पत्नी सिंधुवहिनी प्रथमच आल्या. त्यांनी स्टीलचा डबा आणला होता. आत अर्धी भाकरी आणि वर कांदा.

“ओळखा,” त्या म्हणाल्या.

मी चष्मा हातात घेऊन हसलो. “वहिनी, तुमचा आणि माझा कप्तान एकच निघाला.”

“एकच हाय, भाऊजी. पर तुमी त्याच्यात कुणाला बघून राहिले?”

शरणप्पा छताकडे पाहत होते.

“ह्ये छापखान्यातून यायचे तवा गल्ली झोपलेली असायची. चांगुणाताई दारात उभी. चौकटीला हात लावून. भाकरी झाकलेली. लग्नानंतर मला ह्येच सांगायचे, दुसरं काई सांगायचेच न्हाईत.”

“पण चष्मा?” मी विचारले. हे मी खरोखर विचारले.

“चष्म्याचा दोरा तुमचाच हाय की. बाकी सगळं ताईचं.”

“आणि मी कुठे होतो?”

“तुमी झोपलेले असायचात, भाऊजी.”

कुणीतरी हसले. मी विचारायला नको होते, तरी विचारले, की मग पुस्तकात मी कुठे आहे. वहिनींनी पदर सारखा केला. “तुमी हाव की पुस्तकात. त्यो उपकप्तान.”

उपकप्तान धवल प्रत्येक संकटानंतर येतो आणि म्हणतो, “मी आधीच बोललो होतो.” वर्गात ते वाक्य मी फार रंगवून वाचत असे. मुले पोट धरून हसत.

६. मी घरी आलो तेव्हा चांगुणा तूर निवडत बसली होती. तिने ती कादंबरी आमच्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच वाचली होती. मी विचारले, “तुला ठाऊक होतं?”

“हाव.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्हाला लई आवडायचं ते. चष्मा घेऊन निघायचे तर मान कशी ताठ असायची.” तिने खडा बाजूला टाकला. “भाकरी टाकू का आता?”

मला नको म्हणायचे होते. मी हो म्हणालो.

७. माझी पुस्तके मंडळाला द्यावीत. ‘तिसऱ्या चंद्रावरचा मुक्काम’ची माझी प्रत चांगुणाकडे राहावी. समासात जिथे जिथे मी स्वतःच्या नावाचे पहिले अक्षर लिहिले आहे, तिथे ते खोडले आहे. शाई जुनी, कागदात मुरलेली असल्याने तरी वाचता येते. त्याला इलाज नाही.

८. सायकल शिवकुमार पंक्चरवाल्याला द्यावी. ती त्याच्याच दुकानात जास्त राहिली.

९. बैठकीत माझ्या चष्म्याच्या जागी यापुढे डबा ठेवावा. शोकसभा घेऊ नये. घेतलीच, तर कप्तानाचे नाव काढू नये. चष्मा कुणाला देऊ नये. दोरा माझा होता, तेवढा माझ्यासोबत जाळावा.

१०. वरील सर्व लिहून झाल्यावर मी चांगुणाला वाचून दाखवले. तेव्हा लक्षात आले की मंडळात इतक्या लोकांना आवडते पात्र विचारले, हिला कधी विचारलेच नाही. विचारले.

“उपकप्तान,” ती म्हणाली.

मला वाटले, ती चेष्टा करते आहे. चेहऱ्यावर चेष्टा नव्हती.

“का?”

“त्याला कुणीच निवडत न्हाई. कुणीतरी निवडावं की.”

हे कलम मी वकिलांना न विचारता घातले आहे. ते गाळू नये.

लिहून देणार : नरसिंग गोविंदराव कहाळेकर (सही)

लिहून देणाराने आमच्यासमोर सही केली व आम्ही त्याच्यासमोर केली :
१. प्रा. शरणप्पा हत्ते, उदगीर (सही)
२. अश्वजित कांबळे, शेजारी, नांदेड (सही)

स्थळ : नांदेड, राहत्या घराची पुढची खोली
दिनांक : १२ जानेवारी २०२५