मास्तरांच्या कॉम्प्युटरचा पवित्र दोरा

सोमवार, ९ मार्च

आज माझ्यावर झाला तसा अन्याय फार थोड्यांच्या वाट्याला आला असेल. प्रयून मास्तरांचा कॉम्प्युटर चालू केला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं — कीबोर्ड सापडत नाही, पुढे जाण्यासाठी कोणतंही बटण दाबा. कुठलं बटण? कशावरचं? गेली वीस वर्षं मी उत्तर थायलंडातल्या आमच्या लांपांगच्या साप्ताहिकात लोकांची टर उडवून पोट भरतोय, पण इतकं निर्लज्ज वाक्य मला एकदाही सुचलेलं नाही.

मास्तर शनिवारी पहाटे झोपेतच गेले. आमची कुंपणाला कुंपण. रोज संध्याकाळी पटावर बाटल्यांची बुचं मांडून डाव टाकायचो. शुक्रवारी मी हरलो, म्हणजे एक ग्लास थंड काळी कॉफी माझ्याकडे लागू. ‘उद्या देतो’ म्हणालो. उद्या मास्तरच नव्हते. चला, सुटलो.

मास्तरांच्या बायकोने, बुआलाय वहिनींनी, सकाळी बोलावून घेतलं. डोळे सुजलेले, जीभ शाबूत. ‘अंत्यविधीला पुस्तक वाटायचंय. तुम्ही लिहायचं नाही, थवीभाऊ. तुम्ही लिहिलंत तर लोक चितेसमोर हसतील. त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. दोन वर्षं रोज पहाटे टकटक चालायची. विचारलं की म्हणायचे, पुस्तकासाठी लिहितोय. तेवढं त्यातून काढून द्या.’

इकडे बऱ्या घरातला माणूस गेला की त्याच्यावर पुस्तक निघतं. वरून फोटो, आत गुण, शेवटी पाककृती. मास्तरांचे गुण मास्तरांनीच लिहिलेत म्हटल्यावर पानं पुष्कळ भरणार.

मंगळवार, १० मार्च

गुन्हेगार सापडला. दिवाणखान्यात शवपेटी ठेवायला जागा हवी म्हणून कॉम्प्युटर टेबलासकट कोपऱ्यात सरकवला, त्या ओढाताणीत कीबोर्डची वायर मागून निसटली. इन्थोन सरपंचांनी ती पुढच्या निळ्या भोकात खुपसून दिली. ‘भोक ते भोक,’ म्हणाले. या माणसाकडे आमच्या गावची पाणीयोजना आहे.

आता निराळाच प्रकार. चालू करताना कीबोर्डचा दिवा लागतो, पहिल्या पडद्यावर बटणंही चालतात. पासवर्डची चौकट आली की दिवा गेला, कीबोर्ड ठार! माऊस त्याच्याच शेजारी, तोही ठार. पासवर्ड वहिनींना पाठ आहे — मास्तरांच्या लहानपणीच्या म्हशीचं नाव. नाव आहे, टाइप करायला काही नाही.

बुधवार, ११ मार्च

उपाय करून पाहिले. पंचायतीतला दुसरा कीबोर्ड आणून लावला — तोही तसाच मेला. वीज काढून बराच वेळ ठेवली. सरपंचांनी कीबोर्ड उलटा करून थोपटला. सुकलेल्या भाताची शितं पडली, अक्षर एक उमटलं नाही.

मग सरपंच शवपेटीजवळ गेले. वहिनी जेवायच्या वेळी पेटीवर टकटक करून मास्तरांना हाक मारतात, तशीच यांनी टकटक केली. ‘मास्तर, तो कीबोर्ड सोडा आता. तिकडे काय करायचाय?’

मास्तरांनी नेहमीप्रमाणे सरपंचांकडे दुर्लक्ष केलं.

लांपांगच्या कॉम्प्युटर दुकानातल्या बाईंना फोन लावला. ‘आधी चालतो, मग बंद पडतो ना? पुढच्या भोकाची ओळख आतल्या विंडोजला नसेल. मागच्या काळ्या भोकात घाला.’

एवढंच? एवढंच. फक्त मागची भोकं पवित्र दोऱ्याखाली आहेत. घरभरणीला भिक्खू घराभोवती गुंडाळतात तसला पांढरा सुती दोरा मास्तरांच्या कॉम्प्युटरच्या डब्याला आडवा-उभा आवळलाय आणि टेबलाच्या पायालाही बांधलाय. पूर्वी वायर त्याच्या फटीतून जायची. सरकवताना दोरा नेमका भोकांवर घट्ट बसला. मी कात्री मागितली.

‘मोठ्या भंतेंनी बांधलाय तो,’ वहिनी म्हणाल्या. ‘ह्यांनी मला बजावून ठेवलंय, मेलो तरी हात लावायचा नाही.’

‘मग आता मेलेत की.’

हे बोलायला नको होतं. वहिनी स्वयंपाकघरात गेल्या, त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आल्या तेव्हा शांतपणे म्हणाल्या, ‘चाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस माझ्याशी फार बोलला नाही, भाऊ. जे काय बोलायचं होतं ते त्यात आहे. पण दोरा तोडून नको.’

दोऱ्यावर झेंडूची माळ आहे. रोज ताजी. आज पहिल्यांदा लक्ष गेलं.

गुरुवार, १२ मार्च

रानं पेटवल्याच्या धुराने डोंगर दिसत नाहीत. छापखान्याचा फोन — मजकूर आज द्या. मी म्हटलं, शनिवारी अग्नी आहे, उद्या दुपारपर्यंत देतो. शुक्रवारी आमच्यात कुणाला जाळत नाहीत, त्या एका रिवाजाने दिवस मिळवून दिला. रिवाजांची मी आजवर उडवलेली टर एका दिवसापुरती मागे घेतो.

संध्याकाळी मंत्रपाठ आटोपल्यावर मोठ्या भंतेंना कोपऱ्यात नेलं. भंते, तुम्ही बांधलेला दोरा जरा सैल करता येईल का? त्यांनी चष्मा लावला. वाकले. दोरा बोटांत धरला, नाकाशी नेला.

‘हा मी बांधलेला नाही. मास्तरांनी मला यंत्रासाठी कधी बोलावलंच नाही.’ पुन्हा वास घेतला. ‘लेमनग्रास. बुआलाय, तू बाजारात सॉसेज विकतेस ना? ती कशाने बांधतेस?’

वहिनी जवळ आल्या. दोरा बघितला. मग शवपेटीकडे बघितलं, असं की मी आत असतो तर उठून माफी मागितली असती.

‘माझं रीळ. दोन वर्षं शोधतेय.’

डब्याचं झाकण खडखडत होतं म्हणून मास्तरांनी हाताला लागलं ते बांधलं, आणि बायकोने धूळ पुसता पुसता काही वाचू नये म्हणून भंतेंचं नाव पुढे केलं असणार. आणि ही बाई दोन वर्षं सॉसेजच्या दोऱ्याला झेंडू वाहतेय!

कात्री वहिनींनी स्वतः चालवली. वायर मागच्या काळ्या भोकात. दिवा लागला. चौकट आली, दिवा तसाच. वहिनींनी एका बोटाने म्हैस टाइप केली.

शुक्रवार, १३ मार्च

काल पुढचं लिहवलं नाही.

फाइल एकच होती. नाव — ‘थवीचं पुस्तक’. मास्तर स्वतःवर एक ओळ लिहून गेलेले नाहीत. दोन वर्षं पहाटे उठून माझं अंत्यविधीचं पुस्तक लिहीत होते.

‘थवी माझ्याआधी जाणार हे त्याच्या खोकल्यावरून उघड आहे. तो गेल्यावर त्याच्याबद्दल खरं बोलणारं कुणी हवं. त्याने ज्याला टोचलं नाही असा मनुष्य गावात उरलेला नाही, आणि मी त्याला रोज हरवतो, म्हणजे माझा राग निघालेला असतो.’

पुढे माझ्या पटावरच्या चालींवर एक पान. माझ्या कंजूषपणावर तीन. ‘हरला की कॉफी उद्या देतो. हा उद्या मी पाहिलेला नाही.’ मधेच एका ठिकाणी — ‘बुआलाय म्हणते, त्याला जेवायला बोलवा, एकटा असतो. तिचं माझ्यापेक्षा बरोबर असतं. हे तिला सांगितलेलं नाही.’

हे मी मोठ्याने वाचत होतो, वहिनी रुमाल तोंडाशी धरून बसलेल्या. वाटलं, रडताहेत. हसत होत्या.

‘छापा,’ म्हणाल्या.

‘वहिनी, हे माझ्यावर आहे.’

‘शब्द त्यांचे आहेत ना? मग छापा. एक अक्षर गाळायचं नाही.’

दुपारी छापखान्यात देऊन आलो. वरती मास्तरांचा फोटो, आत मी. शेवटी सॉसेजची कृती.

शनिवार, १४ मार्च

पेटी उचलायच्या आधी, घरात कुणी नसताना, काळी कॉफी घेऊन गेलो. बर्फ भरपूर. तीनदा टकटक केली.

‘मास्तर, त्या शुक्रवारची.’

ग्लास ठेवला आणि बर्फ विरघळेपर्यंत थांबलो.